हरिपाठाला बसलो की डोक्यात बोर्डभाव, काय करावं?

केळीवाला, सावदा:
जय हरी मंडळी. माझं काम केळीची कापणी करून गाड्या भरून द्यायचं. घर बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला लागून. संध्याकाळी सातला दिवा लावून हरिपाठाला बसतो. वडील बसायचे, म्हणून मीही. पण चार-पाच अभंग होत नाहीत तोच फोन थरथरतो. उचलला नाही तरी मन तिकडंच. बोर्ड, म्हणजे केळीचा रोजचा जाहीर भाव, काय निघाला, दिल्लीच्या गाडीला माल पुरेल का, कापणीची टोळी कोणी पळवली तर नाही ना? वैशाखात वारा सुटला की विचारूच नका भो, तोंडात अभंग आणि कान पत्र्याकडं. त्यात ट्रकांचे हॉर्न, लग्नसराईचा डीजे. फोन बंद ठेवणं या धंद्यात परवडत नाही, हे आधीच सांगतो. बायको म्हणते इगतपुरीला विपश्यनेला जा. दहा दिवस फोन जमा करायचा म्हणजे इकडं माल झाडावरच पिकायचा! घरच्या घरी काही जमेल का? नाहीतर जवळपासची जागा सांगा.

चोपड्याचा भाचा:
दादा, चांगदेवला जा. तापी-पूर्णेचा संगम, जुनं दगडी मंदिर, हतनूर धरणाचं पाणी पार तिथवर पसरलेलं. आडवारी गेलात तर गर्दी नसते. महाशिवरात्रीला मात्र नको, तेव्हा मोठी यात्रा भरते. एरंडोलजवळचं पद्मालयही छान, चतुर्थी तेवढी टाळा.

निवृत्त बाई, अमळनेर:
भाऊ, संगमावर जरूर जा, पण रोज संध्याकाळी सातला संगम कुठून आणणार? आमच्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, म्हणून बसस्टँडवर हॉर्न कमी वाजतात असं काही नाही.

मला विचाराल तर तुम्ही शांततेची वाट बघत बसता, तिथंच घोडं अडतं. वारकऱ्यांची उपासना मुळात शांत नाहीच. टाळ, मृदंग, खणखणीत गळा. मुक्ताईची पालखी आपल्याकडून निघून महिन्याहून जास्त चालते, वाटेत बाजार लागतात, गाड्या लागतात, पाऊस लागतो. कुणी म्हणतं का, आधी रस्ता मोकळा करा, मग नाव घेतो? ज्ञानेश्वर लोकांवर रुसून झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा ती उघडायला लावणारी हीच मुक्ताई. धाकटी बहीण, पण समजावलं कसं! तिची समाधी तुमच्या शेजारच्या तालुक्यात आहे.

तेव्हा पुटपुटू नका. मोठ्यानं म्हणा, टाळ घ्या. हात, गळा आणि कान तिन्ही कामाला लागले की बोर्डभावाला शिरायला फट कमी उरते. शिरलाच तर शिरू द्या, भांडू नका, पुढचं चरण उचला. सगळा हरिपाठ एका बैठकीत झालाच पाहिजे असं तरी कुठं आहे? पाच अभंग म्हणा, पण घाई न करता. संपल्यावर लगेच उठू नका, दिव्याकडं बघत जरा बसा. माझा अनुभव असा की जे काही निवतं ते या शेवटच्या जराशा वेळात. आधी कितीही डोळे मिटा, उपयोग नाही.

आणि फोन बंद करू नका, घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या. "अर्ध्या तासात करतो" एवढं सांगायला शेठच कशाला लागतो?

धुळेकर:
बाईंचं पटलं, पण डीजेला टाळानं कसं हरवणार? रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, सणांच्या ठरावीक दिवसांची सूट सोडून. २००० सालच्या नियमात वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दहानंतर वाजला तर ११२ लावा. लग्न भाऊबंदांचं असेल तर मात्र तुमचं तुम्ही बघा.

केळीवाला, सावदा:
भाऊबंदांचंच असतं, तेच तर दुखणं आहे. बाई, नमस्कार. फोन पुतण्याकडं दिला. तो भाव सांगण्यात माझ्यापेक्षा कडक निघाला, व्यापारी आता मलाच विचारतात की पोराला शिकवलं काय. मोठ्यानं म्हणायला लागलो तर आई आतून येऊन बसली, तिला सगळं पाठ. वडिलांचे टाळ माळ्यावर सापडले, पण दोरी पार कुजलीय. सुती ओवायची की नायलॉनची? नायलॉन हाताला कापते असं आई म्हणते.