मदत हवी आहे: स्पिनिंग क्लास पहिल्यांदाच, गुडघा कुरकुरतोय

नमस्कार मंडळी. वय 46, कोथरूडला राहते. कॉलेजात असताना रोज डेक्कनपर्यंत सायकलच मारायचे, त्या भरवशावर परवा जिममधल्या स्पिनिंग क्लासला (जागच्या जागी असलेल्या सायकलवर सगळ्यांनी मिळून पेडल मारायचा व्यायाम) गेले. क्लास 45 मिनिटांचा, मी पंचविसाव्या मिनिटाला खाली! (पाणी प्यायच्या निमित्ताने.)

दम लागला त्याचं काही नाही. पण पाय थांबवले तरी पेडल फिरतच राहतात, पुढचं जड चाक पायांना ओढून नेतं, तेव्हा घाबरले. मधला नॉब खाली दाबला की थांबतं, हे शेजारच्या मुलीने सांगितलं, सरांनी नाही.

खरा प्रश्न सीटचा. कमरेच्या हाडाइतकी उंच ठेवली होती, पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहत होता, तरी उजवा गुडघा पुढून दुखतोय. सीट मागे घेऊ की अजून वर? की रेझिस्टन्सच (पेडलचा जडपणा) जास्त झाला?

आणि बसायच्या जागेबद्दल तर बोलायलाच नको, दोन दिवस स्वयंपाकघरातल्या स्टुलावरही बसवत नव्हतं. पॅडवाली शॉर्ट घ्यावी, की सवयीने जातं? साधे स्पोर्ट्स शूज चालतात ना? पुढचा क्लास गुरुवारी आहे, त्याआधी कोणीतरी सांगा.