सिवू भाषेतले 'गेलेगेले', 'फुतुतु' वगैरे: अशा शब्दांना मराठीत काय म्हणायचं?

घानाच्या पूर्वेला, टोगोच्या सरहद्दीजवळ डोंगराळ भाग आहे, तिथे अक्पाफू आणि लोलोबी या गावांकडे सिवू भाषा बोलतात. नावच बघा किती छान, मूळ 'वू', त्याला आधी 'सि' लावला की भाषा, 'मा' लावला की माणसं म्हणजे मावू, आणि 'का' लावला की त्यांचा मुलूख, कावू. आजूबाजूला एवे ही मोठी भाषा, त्यामुळे बहुतेकांना तीही येते. मार्क डिंगमान्स या डच भाषाशास्त्रज्ञांनी सिवूतल्या एका खास शब्दगटावर 2011 मध्ये पीएचडी केली. गेलेगेले म्हणजे चकाकणारं, फुतुतु म्हणजे पांढरंशुभ्र, साऽऽ म्हणजे अंगाला लागणारा गारवा, आणि मुकुमुकु म्हणजे दात नसलेल्या माणसाच्या तोंडाची हालचाल (हा वाचला आणि मला आमची आजीच दिसली). इंग्रजीत यांना आयडिओफोन म्हणतात. मला यावर मराठीत लिहायचंय, तर शब्द कोणता वापरू?

प्रतिसाद
शाळेच्या व्याकरणात अनुकरणवाचक शब्द शिकलोय की आपण, किरकिर, गडगडाट, वटवट. तोच घ्या.

मूळ प्रश्नकर्ती
तिथेच अडलंय हो. गडगडाटात ढगाच्या आवाजाची नक्कल आहे, पण फुतुतुमध्ये कसली नक्कल, पांढऱ्या रंगाला आवाज कुठे असतो? आणि आपल्याकडेही तसंच आहे, लखलख, गुळगुळीत, लुटूलुटू चालणं, यातलं काहीच कानाने ऐकायचं नाही तरी ऐकताक्षणी डोळ्यासमोर येतं. अनुकरणवाचक म्हटलं की वाचक फक्त आवाज शोधत बसणार.

प्रतिसाद
बरोबर आहे तुमचं. मी 'चित्रशब्द' सुचवेन. पण एक फरक नक्की लिहा, काळाकुट्टमधला 'कुट्ट' काळ्याला सोडून कुठे एकटा जात नाही, सिवूतले हे शब्द मात्र एकटे उभे राहतात, बोलणारा ते लांबवतो, पुन्हा पुन्हा म्हणतो, आवाज चढवतो. आणि हे फक्त गोष्टी सांगताना नाही, रोजच्या कामाच्या बोलण्यातही. तिथे घरी बंदुकीची दारू कुटतात, ते करता करता चाललेल्या गप्पांतही हे शब्द नोंदलेत.

मूळ प्रश्नकर्ती
चित्रशब्द आवडला, फक्त साऽऽ सारखा स्पर्शाचा शब्द त्यात बसवताना थोडं ओढावं लागेल, पण चालेल. बरं दारूवरून आठवलं, देक्पेरेऽ म्हणजे बारीक दाण्याचं आणि साफाराऽ म्हणजे जाड दाण्याचं. देक्पेरेऽला 'वस्त्रगाळ' लिहू का?

प्रतिसाद
अर्थ बसतो पण जात वेगळी. वस्त्रगाळ म्हणजे कापडातून गाळलेलं, त्यात क्रिया आहे. रवाळ पण रव्यावरून आलाय. साफाराऽला 'खरखरीत' मस्त जाईल, तो खरा चित्रशब्द, बोटाखाली लागतो. बारीक पिठासाठी मात्र आपण नादातून शब्द केलेला मला तरी आठवत नाही, आपण तो चाळणी आणि फडक्यावरून केलाय. हे मला आत्ताच लक्षात आलं आणि फार बरं वाटलं खरं सांगायचं तर.

मूळ प्रश्नकर्ती
मग देक्पेरेऽ तसाच ठेवते आणि शेजारी 'वस्त्रगाळ पिठासारखं' लिहिते. मुकुमुकुचं काय करू? बोळकं हे तोंडाचं नाव झालं, हालचालीचं नाही. मुळुमुळु रडण्याकडे गेलाय.

प्रतिसाद
मुकुमुकु अजिबात बदलू नका. सिवूसकट पाच भाषांतले असे शब्द घेऊन डच लोकांना त्यांचे अर्थ ओळखायला लावले होते, निव्वळ अंदाजाने जितके बरोबर येतील त्याच्यापेक्षा थोडे जास्त आले, आणि त्यांच्या भाषेत असे शब्द आपल्यापेक्षा कितीतरी कमी. 'आजी बोळक्याने मुकुमुकु चिवडा खात होती' असं लिहा, अर्थ द्यावाच लागणार नाही.