हंगाम सणाच्या लिलावाचे ११,४०० आणि कोरं बिलबुक, सही करू का?

नवा_खजिनदार:
जय ख्रिस्त सगळ्यांना. एप्रिलपासून मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा खजिनदार झालोय, म्हणजे कोणी हात वर करेना म्हणून गळ्यात पडलं. आता ऑडिटला फायली द्यायच्यात. मागच्या हंगाम सणाला लोकांनी वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावाचे ३८,६०० पुलपीटवरून जाहीर झालेले, वहीत पण तेच, पण बँकेत भरलेत २७,२००. आधीचे खजिनदार काका म्हणतात मधले ११,४०० मंडपवाल्याला आणि आचाऱ्याला रोख दिले, बिल घ्यायचं राहिलं, तू कोऱ्या बिलबुकावर बनवून घे, सगळीकडे असंच चालतं. काकांनी पैसे खाल्ले असं माझ्या मनातही नाही, १९ वर्षं फुकट राबलेत बिचारे. पण सही माझी जाणार ना.

आत्याबाई:
नको करूस बेटा. पतपेढीत कॅशला होते मी. बिल नसेल तर नाही म्हणून लिहायचं, कोणाला किती दिले त्याचं साधं व्हाउचर, काकांची सही, आणि कमिटीचा ठराव. ऑडिटर फार तर शेरा मारेल. मंडळी ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक ट्रस्ट कायद्याने दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून ऑडिट करावंच लागतं, तिथे खोटं बिल म्हणजे शेऱ्यापेक्षा मोठं लचांड. आणि एक विचारू का, एप्रिलला चार्ज घेतलास तेव्हाच वही आणि पासबुक शेजारी ठेवून का नाही पाहिलंस?

साधा_विश्वासी:
मला हे जरा अतीच वाटतंय. बायबलमध्ये २ राजे १२ काढून बघा, मंदिराची दुरुस्ती करणाऱ्यांकडून हिशेबच मागत नव्हते कारण ती माणसं प्रामाणिक होती. म्हाताऱ्या माणसाला ठरावात ओढून काय मिळणार, मंडळीत प्रेम राहिलं पाहिजे.

वाडीवरचा:
दादा त्याच अध्यायात थोडं वर पण वाचा की. यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, आणि पैसे मोजायला राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं बसायचे, एकटा कोणी नाही. कामगारांवर विश्वास टाकता आला तो मोजणी आधी चोख होती म्हणून! प्रेषित पौलाचंही तेच, यरुशलेमची वर्गणी न्यायला त्याचा सोबती तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ पाठवला, बोट ठेवायला जागा नको म्हणून (२ करिंथ ८). आमच्याकडे आता दानार्पण दोघं मोजतात आणि तिथल्या तिथे दोघांच्या सह्या. पहिले दोन महिने लोक रुसले होते.

नवा_खजिनदार:
अपडेट देतो. आत्याबाई तुमचं खरंय, आळसच केला मी, चार महिने फाईल कपाटात होती. काल काकांकडे गेलो, ते आधी चिडले, मग काकूंनीच लिलावाच्या दिवशीची पाठकोरी वही काढून दिली. मंडपाचे ७,००० आणि आचाऱ्याचे २,५०० एवढेच दिलेले. उरलेले १,९०० खर्च झालेच नव्हते, लिलावातली उधारी होती ती, लोकांनी बोली लावली आणि पैसे दिलेच नाहीत. मी ११,४०० चं बिल बनवलं असतं तर ती कायमची गडप. यादीत केळ्यांची फणी एक, भोपळे तीन, आणि गावठी कोंबडा ९०० ला, समोर नाव आमच्या पप्पांचं. तो कोंबडा मीही खाल्लाय. रविवारच्या मिटिंगआधी त्यांच्याकडून पैसे काढायचेत, अजून विषय काढलेला नाही.