हॅवलॉकला रात्री छातीत दुखलं तर? (बाबांना स्टेंट आहे)

अजिंक्यताऱ्याखाली:
जानेवारीत आई-बाबांना घेऊन अंदमानला चाललोय. बाबा 72, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, बाकी ठणठणीत. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघायचीच, हा त्यांचा हट्ट. पोर्ट ब्लेअरची (आताचं श्री विजयपुरम) काळजी नाही, पण हॅवलॉक बेटावर दोन रात्री आहेत. तिथे रात्री-अपरात्री काही झालं तर काय करतात? आईची आत्तापासून झोप उडालीय. त्या दोन रात्री रद्द करू का?

गोदाकाठची:
रद्द नका करू. आमच्यावर ही वेळ येऊन गेलीय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे अण्णा, म्हणजे सासरे, तेव्हा 71 चे, एक स्टेंट. राधानगर बीचवर सूर्यास्त बघून आलो (तिकडे जानेवारीत साडेपाचच्या आतच सूर्य बुडतो), रात्री सुरमईवर ताव मारला. दहाच्या सुमारास म्हणाले, जळजळतंय. मी इनो दिलं. अर्ध्या तासाने घामाने बनियन भिजलं आणि डावा हात चोळायला लागले, तेव्हा माझे हातपाय गार पडले. लॉजवाल्याने स्वतःची जीप काढून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर अगदी तरुण, पण मुलगा शांत होता. ईसीजीची पट्टी ट्यूबलाइटखाली धरून त्याने विचारलं, "पुराना ईसीजी है?"

फाइल नाशिकला, कपाटात. "अण्णा बरे आहेत, कशाला ते ओझं," असं म्हणणारी मीच. गोळ्या कुठल्या विचारलं तर हे सांगतात, एक गुलाबी आणि एक अर्धी पांढरी! शेवटी शेजारच्या काकूंना झोपेतून उठवलं, किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. पहिला उलटा, दुसऱ्यात त्यांचा अंगठा, तिसरा वाचता आला. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली म्हणून, नाहीतर तेवढाही पोचला नसता.

डॉक्टर म्हणाले, बदल जुनाच दिसतोय, पण पोर्ट ब्लेअरला न्यावंच लागेल. आणि खरी अडचण इथे आहे: रात्री प्रवासी बोट नसते. हेलिकॉप्टरने पेशंट हलवतात, पण ते डॉक्टरांमार्फत प्रशासनाकडे मागायचं, आणि हवा साथ देईल तेव्हाच. आम्ही रात्रभर त्या मॉनिटरकडे बघत बसलो. सकाळी पहिल्या बोटीने जी. बी. पंत रुग्णालय. दोनदा रक्त तपासलं, झटका नव्हता.

तुम्ही एवढं कराच: जुना ईसीजी, डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं कार्ड मोबाइलमध्ये, आणि झेरॉक्स बाबांच्या खिशात. तुमच्या नको, तुम्ही पाण्यात असाल. पोचल्या दिवशी लॉजवाल्याला विचारून ठेवा, रात्री गाडी कोण काढेल.

ओपीडीतून:
ताई, रागावू नका, पण इनोवर अर्धा तास गेला तो जायला नको होता. स्टेंटवाल्या माणसाच्या छातीत जळजळलं तरी आधी हृदय समजायचं. ॲस्पिरिन 300-325 मिग्रॅ, चावून. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर. बाबांच्या डॉक्टरांकडून हे आधीच लिहून घ्या. सॉर्बिट्रेट दिली असेल तर जिभेखाली, पण बसवून. उभ्याने दिली तर बीपी पडून माणूसच कोसळतो. रोजच्या गोळ्या दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

बुडबुडे:
दोन गोष्टी. बोटीच्या तिकिटावर हॅवलॉक शोधू नका, 2018 पासून ते स्वराज द्वीप आहे. आणि बाबांना स्कूबाच्या फंदात पाडू नका. फॉर्मवर हृदयविकाराचा रकाना असतो, तिथे काही लोक सरळ "नाही" लिहितात, मी बघितलंय. तुम्ही स्वतः डाइव्ह केलीत तर विमानाआधी 18 ते 24 तास मोकळे ठेवा. हो, सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. जिने सावकाश चढवा.

अजिंक्यताऱ्याखाली:
दोन्ही रात्री ठेवतोय. डिस्चार्ज कार्ड लगेच मिळालं, स्टेंटचं कार्ड मात्र दोन तास शोधत होतो. आईने देव्हाऱ्यात ठेवलं होतं, गणपतीच्या मागे.