पत्रसंग्रह सुचवा: गावच्या वाचनालयासाठी, बजेट हजार रुपये

खाडीकाठची:
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमच्या गावात छोटं वाचनालय आहे. रविवारी दुपारी दहा-बारा जण जमतो. बहुतेक साठीपुढचे, शिवाय दोन कॉलेजच्या मुली. या पावसाळ्यात पत्रसंग्रह मोठ्यानं वाचायचं ठरलंय. अट एकच: पुस्तक आलं तेव्हा लोकांनी त्याचं काय केलं, हेही सांगता आलं पाहिजे. कोण रडलं, कोण चिडलं. बजेट हजार रुपये, कुरिअर त्यातच. एक-दोन पुस्तकं पुरेत.

सुरंगी:
दुसरा विचारच नको. जी. ए. कुलकर्णींची निवडक पत्रे, चारही खंड. आणि सोबत 'प्रिय जी. ए.', सुनीताबाई देशपांडेंनी जीएंना लिहिलेली पत्रं, पाहिजेच. सुनीताबाई आमच्या रत्नागिरीच्या, ठाकूरांच्या. पुलंशी लग्नही इथंच झालं, १९४६ साली. २००३ मध्ये पुस्तक आलं तेव्हा आमच्या ऑफिसात डब्याच्या वेळी सरळ दोन तट पडले. एक बाई म्हणायच्या, ही पत्रं छापायला नको होती, माणूस एवढा एकांतप्रिय, गेल्यावर त्याचं कपाट उघडायचं का? त्याच बाईंनी माझी प्रत दोन महिने परत दिली नाही. पहिली आवृत्ती आहे. आता खाकी कव्हर घालून ठेवलीय, कुणाला देत नाही.

अडकित्ता:
चार खंड वर आणखी एक, हजारात? दुकानाचं नाव सांगा, मी आत्ता निघतो.

सुरंगी:
पुस्तकाला पैसे बघायचे नसतात.

दापोलीकर_काका:
साने गुरुजी सोडून कोकणात पत्रांचा विषय निघतोच कसा? गुरुजी पालगडचे. 'सुंदर पत्रे' घ्या. पुतणीला, सुधाला लिहिलेली, 'साधने'त येत असत. माझी आत्या तेव्हा अकरा वर्षांची. हर्णैला बोट लागली की टपाल यायचं, मग अंक आमच्या पडवीत. आत्या मोठ्यानं वाचायची आणि आळीतल्या चार मुली ऐकायच्या. प्रत्येकीला वाटे, सुधा म्हणजे मीच. एकीनं तर गुरुजींना उलट पत्र लिहिलं, पाकिटावर पत्ता फक्त 'साने गुरुजी, मुंबई'. पोचलं की नाही कुणास ठाऊक. आत्या आता सत्त्याऐंशीची आहे, तिला नातवंडांची नावं आठवत नाहीत पण 'चि. सुधास' म्हटलं की डोळे पुसते.

ग्रंथकीटक:
मूळ प्रश्न रंजक आहे, पण उत्तरं फारच घरगुती. वाचकाची प्रतिक्रिया म्हणजे काय ते इटालियन कवी पेत्रार्काकडून शिकावं. १३४५ साली वेरोनात त्याला प्राचीन रोमन वक्ता सिसेरोनं आपल्या मित्राला, आत्तिकसला लिहिलेली पत्रं सापडली. ज्याला आयुष्यभर पूजलं तो पत्रांत चिडका, डळमळता निघाला. पेत्रार्कानं रागावून थेट सिसेरोलाच पत्र लिहिलं! तो मरून जवळजवळ चौदाशे वर्षं झाली होती. इंग्रज उमराव लॉर्ड चेस्टरफील्डची मुलाला लिहिलेली पत्रं १७७४ मध्ये सुनेनं छापली, तेव्हा कोशकार डॉ. जॉन्सन म्हणाला की यात वेश्येची नीती आणि नाचमास्तरच्या रीतीभाती शिकवल्यात. खप मात्र जोरात, आवृत्त्यांवर आवृत्त्या. आणि कवी कीट्सची प्रेयसी फॅनी ब्रॉनला लिहिलेली प्रेमपत्रं १८७८ मध्ये आली तेव्हा समीक्षक मॅथ्यू अर्नोल्डनं नाक मुरडलं. प्रेमात माणूस एवढा हळवा होतो हेच लोकांना सहन झालं नाही. हे सगळं मुळातून वाचा.

अडकित्ता:
मुळातून म्हणजे लॅटिनमधून का? ताईंच्या वाचनालयात फणस सोलता सोलता वाचन चालत असेल हो.

खाडीकाठची:
फणस नाही, पण गेल्या रविवारी आठळ्या उकडल्या होत्या. 😄 पेत्रार्काची गोष्ट आमच्या मंडळींना आवडेल, पुस्तक नाही घेणार.

माडाखालचो:
१९५८चा साहित्य संमेलन आमच्या मालवणात झाला, अध्यक्ष कवी अनिल. माजो बापूस तेव्हा आठवीत. मंडपात मागे उभो रवान भाषण ऐकल्यान, समजला कायच नाय. असो, शुद्ध लिहितो. पुढे अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल' म्हणून आला. कुसुमावती १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, पहिल्या महिला अध्यक्ष, आणि त्याच वर्षी गेल्या. पुस्तक त्यानंतरचं. बापसानं वाचनालयातून आणलं, आईनं दोन रात्रींत संपवलं. मग एवढंच म्हणाली, "तुम्ही मला एकच पत्र लिहिलंत. त्यात नारळाचा भाव होता." तेव्हापासून ते पुस्तक घरात परत आलं नाही. ताई, तुम्ही जरूर घ्या, मिळालं तर.

दापोलीकर_काका:
गुरुजींची पत्रं स्वस्तही आहेत, असं मी मघाशी लिहायचं राहिलं.

निवृत्त_ग्रंथपाल:
खाडीकाठची, तुमची अट नीट वाचली तर लोकहितवादींची समाजसुधारणेवरची 'शतपत्रे' घ्या. १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये आठवड्याला येत. लोक त्यावर भांडले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या 'निबंधमाला' मासिकात लोकहितवादींना जे धारेवर धरलं, ते शेजारी ठेवून वाचा. एका रविवारी पत्र, पुढच्या रविवारी त्याचा समाचार. निबंधमाला चालू असतानाच शास्त्रीबुवांची रत्नागिरीच्या हायस्कुलात बदली झाली होती, तेवढाच कोकणाचा धागा. दोघांचंही लेखन स्वामित्व हक्कातून मोकळं आहे, फुकट मिळेल. आणि एक, विकत घेण्याआधी आपलंच कपाट उघडा. जुन्या प्रतींच्या समासात पेन्सिल शोधा.

सुरंगी:
पण ती पत्रं कुठं आहेत? ते तर वर्तमानपत्रातले लेख. घडी घालून पाकिटात टाकलेलं ते पत्र.

ग्रंथकीटक:
शिवाय नाव शतपत्रे आणि पत्रं एकशे आठ.

अडकित्ता:
आठ वर मिळाली तर तक्रार कसली? आमच्याकडे आंब्याची पेटी घेतली की वर दोन देतात.

ग्रंथकीटक:
हल्ली देत नाहीत.

माडाखालचो:
पेटीचो भाव काय तुमच्याकडे औंदा?

(इथून पुढे सव्वीस प्रतिसाद हापूस, देवगड आणि रत्नागिरी यांवर आहेत. संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवले.)

निवृत्त_ग्रंथपाल:
पत्रांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवा, पण पुस्तकाला चिकटून नको. आणि कसर लागलेली प्रत इतरांत मिसळू नका.

खाडीकाठची:
सगळ्यांचे आभार. निर्णय झाला, रागावू नका. ग्रंथपालकाकांचं ऐकून कपाट उघडलं. तळाला 'सुंदर पत्रे' निघालं, पुठ्ठा कसरीनं चाळणी केलेला. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के, पहिला १९६१चा, शेवटचा १९८४चा. एका पानावर शाईनं कुणी लिहिलंय, "माझे काका असे कधी बोलले नाहीत." खाली दुसऱ्या अक्षरात, "वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये." त्याच्याखाली पेन्सिलीनं, बारीक, मुलीचं अक्षर वाटतं: "माझे बोलतात." रविवारी हेच पान आधी वाचलं. ऐंशीच्या आमच्या एक आजी वर बघेचनात, शाईचं अक्षर त्यांचं असावं असा मला संशय आहे, विचारलं नाही.

शतपत्रे नको, आमच्यातले दोन आजोबा आधीच एकमेकांशी बोलत नाहीत. हजार रुपयांत पागोळीच्या बाजूचं बाक दुरुस्त केलं, एक मोठा बल्ब आणला, उरलेल्यात भजी.

सुरंगी:
म्हणजे जीए घेतलेच नाहीत?

दापोलीकर_काका:
मी पहिल्यापासून गुरुजीच म्हणत होतो. आत्याला सांगतो आजच.

माडाखालचो:
भजी कसली?