पाच महिन्यांच्या बाळासाठी लहान घडीची तीनचाकी बाबागाडी घ्यावी का?

कोथरूडनिवासी

नमस्कार. आमची मुलगी परवा पाच महिन्यांची झाली. पुढच्या महिन्यात पत्नीची प्रसूती रजा संपत आहे आणि त्यानंतर रोज संध्याकाळी बाळाला फिरवून आणण्याचे काम माझी आई करणार आहे. आईचे वय ६२ आहे, प्रकृती चांगली आहे, पण बाळाला कडेवर घेऊन अर्धा तास चालणे आता तिला झेपणार नाही, म्हणून बाबागाडी घ्यायची ठरवली आहे.

आमची इमारत जुनी असून लिफ्ट लहान आहे. मोटार सीएनजीवरची असल्यामुळे डिकीतली निम्मी जागा टाकीनेच व्यापलेली आहे. त्यामुळे घडी घातल्यावर गाडी लहान व्हायला हवी, ही पहिली अट आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात आम्ही एक तीनचाकी गाडी चालवून पाहिली. ती एका हाताने इतकी सहज वळत होती की आईला तीच आवडली. पत्नीला मात्र शंका आहे की पुढे एकच चाक असलेली गाडी आपल्या रस्त्यांवर कलंडेल. रोजचा रस्ता म्हणजे घरापासून थोरात उद्यानापर्यंत जाणे आणि परत येणे. महिन्यातून एखाद्या वेळी मेट्रोने डेक्कनला जाणे होईल. खर्चाची तयारी पंधरा हजारांपर्यंत आहे. तीनचाकी घ्यावी की चारचाकी, आणि विकत घेण्यापूर्वी नेमके काय पाहावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, अशी विनंती आहे.

चक्रधर

मी यंत्र अभियंता आहे आणि दोन मुलांसाठी दोन वेगवेगळ्या गाड्या वापरल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण ज्याला लहान घडीची तीनचाकी म्हणतो, तिच्यात दोन अगदी वेगळ्या गरजा एकत्र आलेल्या आहेत. घडी घालून काखोटीला मारता येईल अशी हलकी बाबागाडी १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश विमान अभियंत्याने तयार केली. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा होता, ती छत्रीसारखी मिटत असे आणि तिचे वजन तीन किलोंच्याही आत होते. तीनचाकीचा उगम याच्या उलट गरजेतून झाला. अमेरिकेत फिल बेकलर यांनी १९८४ मध्ये धावताना बाळाला बरोबर नेता यावे म्हणून सायकलसारखी मोठी चाके लावलेली ‘बेबी जॉगर’ ही गाडी तयार केली. खडबडीत वाटेवर ती चांगली चालते, याचे मुख्य कारण तिच्या चाकांचा आकार हे आहे. आता तीच रचना लहान घडीत बसवायची म्हटले की उत्पादक सगळ्यात आधी चाके लहान करतो, आणि मग तीन चाके तेवढी उरतात, त्यांचा मूळ गुण मात्र निघून जातो. म्हणून दुकानात चाके मोजत बसण्याऐवजी पुढच्या चाकाचा व्यास मोजावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक साधे गणित देतो. आपल्या पदपथांवर पेव्हर ब्लॉक खचून दोन सेंमीची कड सहज तयार होते. पुढचे चाक १२ सेंमी व्यासाचे असेल, तर ती कड चढण्यासाठी त्या चाकावर जेवढा भार आहे त्याच्या सुमारे १.१ पट आडवा जोर लावावा लागतो. चाक २० सेंमीचे असेल, तर त्याच भाराच्या पाऊणपट जोरात काम होते. म्हणजे लहान चाकाला जवळपास दीडपट जोर लागतो, आणि तो रोज, प्रत्येक कडेला, तुमच्या आईंच्या मनगटांनी लावायचा आहे. हँडल खाली दाबून पुढचे चाक उचलता येते हे खरे, पण तेही दर दहा पावलांवर करणे बासष्टाव्या वर्षी सोपे नाही.

आता कलंडण्याबद्दल. तुमच्या पत्नीची शंका रास्त आहे, फक्त ती एका विशिष्ट परिस्थितीत खरी ठरते. तिवई जशी कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, तशी तीनचाकीची तिन्ही चाके कायम जमिनीला टेकलेली राहतात, तर चारचाकीचे एखादे चाक खड्ड्यावर अधांतरी राहते. उलट बाजू अशी की तीनचाकीच्या चाकांमध्ये त्रिकोण तयार होतो आणि त्याच्या तिरप्या बाजू बाळाच्या वजनाच्या बऱ्याच जवळून जातात. पदपथावरून उतरताना गाडी तिरकी ठेवली आणि पुढचे चाक आधी खाली गेले, तर गाडी पुढे आणि बाजूला अशी एकदमच झुकते. मागच्या चाकांतले अंतर जितके जास्त, तितका हा धोका कमी; पण लहान घडीच्या गाडीत हे अंतरही कमी केलेले असते. उपाय एकच आहे. कुठलीही पायरी किंवा कड ओलांडताना गाडी सरळ ठेवावी, आणि उतरताना तोंड फिरवून मागची चाके आधी उतरवावीत.

दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर गाडी सहज वळते, कारण पुढचे चाक स्वतःच्या खुंटीभोवती फिरते. तेच चाक खडीवर किंवा जरा वेगाने चालताना थरथरू लागते, म्हणून ते सरळ स्थितीत पक्के करण्याची कळ असलेलीच गाडी घ्यावी. चाके हवेची नसावीत. हवेच्या चाकांना धक्के कमी बसतात, पण बाभळीचा एक काटा पुरतो आणि पंक्चर काढण्याचे काम शेवटी घरातल्या कुणाच्या तरी माथी येते. ईव्हीए फोमची, म्हणजे हवा भरावी न लागणाऱ्या हलक्या, लवचीक फोमची चाके रोजच्या वापराला चांगली असतात. खरेदी करताना युरोपचे ईएन १८८८ किंवा अमेरिकेचे एएसटीएम एफ८३३ या बाबागाड्यांच्या सुरक्षा मानकाचा उल्लेख माहितीपत्रकावर आहे का, हेही पाहावे.

दोन लेकरांची आई

चक्रधर यांनी चाकाविषयी जे लिहिले आहे ते मी प्रत्यक्ष अनुभवले आहे. आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर पावसाळी पाण्याच्या गटारावर लोखंडी जाळी आहे आणि तिच्या पट्ट्या रस्त्याला समांतर आहेत. माझ्या तीनचाकीचे पुढचे चाक अरुंद होते. मी नेहमीच्या वेगाने जात असताना ते दोन पट्ट्यांच्या मध्ये अलगद उतरले, गाडी जागच्या जागी थांबली आणि मुलगा अंगासकट पुढे झेपावला. खांद्यावरून येणारे दोन्ही पट्टे बांधलेले होते, म्हणून तो पट्ट्यांत अडकून राहिला आणि त्याला खरचटलेसुद्धा नाही; पण त्या दिवसापासून मी जाळी आली की गाडी उलटी फिरवून ओढत नेते. म्हणून सांगते, पाच ठिकाणी बांधला जाणारा पट्टा, म्हणजे दोन खांदे, कंबरेच्या दोन बाजू आणि दोन पायांमधला, हा असायलाच हवा आणि फाटकापर्यंत जायचे असले तरी तो बांधायलाच हवा. कंबरेपुरता पट्टा असलेल्या गाड्या अजूनही मिळतात. त्या घेऊ नयेत.

दुसरी गोष्ट कुणी दुकानात सांगत नाही. आपल्याकडे बऱ्याच इमारतींत पायऱ्यांवरून दुचाकी चढवण्यासाठी उतार केलेला असतो, आणि काही ठिकाणी चारचाकांच्या मापाने शेजारी शेजारी दोनच पट्ट्या केलेल्या असतात. अशा दोन पट्ट्यांवरून तीनचाकी जाऊच शकत नाही, कारण मधले चाक पायऱ्यांवर येते. तिथे बाळासकट गाडी उचलावी लागते. आपल्या इमारतीत काय आहे ते आधी पाहा. पदपथाच्या तोंडाशी दुचाकी चढू नयेत म्हणून जे खांब रोवलेले असतात, त्यांच्यातले अंतरही मोजून घ्या. आमच्या भागात एका ठिकाणी ते इतके कमी आहे की मला दर वेळी रस्त्यावर उतरून वळसा घालावा लागतो, आणि पुण्यातल्या संध्याकाळच्या रहदारीत बाबागाडी घेऊन रस्त्यावर उतरण्यासारखे धोक्याचे दुसरे काही नाही. जंगली महाराज रस्त्यावरच्या रुंद पदपथावर हीच गाडी इतकी सुरेख चालते की आपले बाकीचे पदपथ असे का नाहीत, याचे मनापासून वाईट वाटते.

मेट्रोची काळजी करू नका. वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून आम्ही अनेकदा गेलो आहोत. स्थानकांवर लिफ्ट आहेत आणि रुंद प्रवेशद्वारातून गाडी न मिटता आत नेता येते. सरकत्या जिन्यावर मात्र बाबागाडी कधीही नेऊ नये.

ऊन लागते म्हणून छतावरून ओढणी किंवा दुपटे पूर्ण पांघरणारे लोक मी रोज पाहते. कापड पातळ असले तरी आतली हवा कोंडते आणि बाळाभोवतीची उष्णता वाढत जाते. त्यापेक्षा पुढे खेचता येईल असे मोठे छत आणि त्याला जाळीची खिडकी असलेली गाडी घ्यावी, आणि एप्रिल-मे महिन्यांत ऊन कलल्याशिवाय बाहेर पडू नये.

पर्वतीपायथा

मी आजीच्या नात्याने लिहिते आहे, कारण ही गाडी प्रत्यक्ष आजी चालवणार आहे. माझा नातू आता दीड वर्षाचा आहे आणि तो सात महिन्यांचा असल्यापासून मीच त्याला फिरवते.

दुकानात तरुण मुले ब्रेक लावून दाखवतात तेव्हा त्यांच्या पायात बूट असतात. आम्ही बायका चपला घालून फिरतो. काही गाड्यांचा ब्रेक लावताना खाली दाबायचा आणि काढताना पायाच्या बोटांनी वर उचलायचा असतो. चप्पल घातलेल्या पायाने तो वर उचलताना अंगठ्याच्या नखाला किती लागते, हे मला महिनाभर सोसावे लागले, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या त्रासापायी ब्रेक लावण्याचाच कंटाळा येऊ लागला. आमच्या सहकारनगरच्या उतारावर तो कंटाळा परवडणारा नाही. दोन्ही वेळा खाली दाबूनच लागणारा आणि सुटणारा, एकाच पट्टीने दोन्ही मागची चाके अडवणारा ब्रेक असेल तीच गाडी घ्या. उतार असेल तर हँडलला मनगटाचा पट्टाही बांधून घ्या.

हँडलची उंची आईंच्या कोपरापेक्षा थोडी खाली यायला हवी. माझ्या सुनेच्या उंचीला योग्य असलेली गाडी मला छातीशी येत होती, त्यामुळे खांदे दुखत. उंची कमी-जास्त करता येणारे हँडल मिळाले तर दोघींची सोय होते. भाजीची पिशवी हँडलला अडकवू नये, असे आईंना आवर्जून सांगा. मी एकदा दोन किलो कांदे अडकवले आणि नातवाला उचलून घेतल्याबरोबर रिकामी गाडी मागच्या मागे आडवी झाली. पिशवी नेहमी खालच्या कप्प्यात ठेवावी.

बाळ पाच महिन्यांचे आहे, म्हणजे मान धरली असली तरी ते अजून आधाराशिवाय बसत नसणार. तेव्हा पाठ जवळजवळ सपाट होते का, ते पाहा. लहान घडीच्या काही गाड्यांत पाठ अर्धवटच कलते. त्या बसू लागलेल्या मुलांसाठी असतात, आणि त्यांत लहान बाळ झोपले की मान पुढे लोंबते. तीनचाकी आहे म्हणून कुणी घेऊन धावू मात्र नये. सहा महिन्यांच्या आत तर मुळीच नाही, आणि नंतरही बालरोगतज्ज्ञांना विचारून, तेही धावण्यासाठीच बनवलेल्या गाडीतून.

कोथरूडनिवासी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. शनिवारी आम्ही तिघे मोजपट्टी घेऊन थोरात उद्यानापर्यंतचा रस्ता चाललो. वाटेतली सर्वांत अरुंद जागा पदपथावरच्या खांबांची नसून आमच्या लिफ्टच्या दाराची निघाली. ते दार ६४ सेंमी आहे आणि दाराशी फरशी व लिफ्ट यांच्यात जवळजवळ तीन सेंमीची फट आहे, जिच्यात दुकानात पाहिलेल्या गाडीचे पुढचे चाक नक्कीच अडकले असते. इमारतीचा उतार सलग आहे, त्यामुळे ती अडचण नाही.

नंतर दुकानात जाताना मुलीच्या वजनाइतका, म्हणजे सात किलो तांदूळ पिशवीत घालून बरोबर नेला आणि तो गाडीत ठेवून, पट्टा बांधून, दुकानासमोरच्या पदपथावर आईलाच गाडी चालवायला लावली. पहिल्या पसंतीची गाडी कडेला तीन वेळा अडली आणि चौथ्या वेळी आईने स्वतःच ती बाजूला ठेवली. शेवटी १९ सेंमीचे, चांगले रुंद आणि सरळ स्थितीत पक्के करता येणारे पुढचे चाक असलेली तीनचाकी घेतली. तिची रुंदी ५८ सेंमी आहे, पाठ पूर्ण कलते आणि ब्रेक दोन्ही वेळा खालीच दाबायचा आहे. आईने तो चप्पल घालून दहा वेळा लावून पाहिला. घडी मात्र आम्हाला हवी होती त्यापेक्षा मोठी आहे. मागची दोन्ही चाके खटक्याने काढली तरच ती टाकीशेजारी डिकीत मावते. मोटारीने जाणे महिन्यातून एक-दोनदाच होते आणि उद्यानात जाणे रोजचे आहे, म्हणून तेवढी चाके काढण्याचे काम मी माझ्याकडे घेतले आहे.