कोऱ्या ओळीतलं गाणं : ब्रिटिश पंक हे बंड होतं की कपड्याच्या दुकानाची जाहिरात?

लेस्टरची_मावशी

रविवारी भाचा जेवायला आला तो सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडचा (पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं खरखरीत, बंडखोर रॉक) फाटका टी-शर्ट घालून. माझा भाऊ म्हणाला, "या लोकांना एका कपड्याच्या दुकानदाराने उभं केलं होतं. सगळी जाहिरातबाजी." मी वाद घालत बसले आणि वरण गार झालं. तिथे अर्धवट राहिलेलं इथे लिहिते.

जून १९७७. मी चौदा वर्षांची. मिरजेहून इंग्लंडमधल्या लेस्टरला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती, बाबा तिथल्या इस्पितळात डॉक्टर. राणीच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली म्हणून गल्लीगल्लीत पताका, रस्त्यावर टेबलं मांडून पंगती. आईने आमच्या गल्लीसाठी शंकरपाळे केले होते. "तिखट नाहीत ना?" असं विचारून मगच लोक उचलत होते.

गावातल्या रेकॉर्डच्या दुकानात दर आठवड्याला खपाची यादी लावत. त्या आठवड्यात पहिल्या नंबरावर रॉड स्ट्यूअर्ट आणि दुसरी ओळ कोरी. छापायचं राहिलं असेल म्हणून मी गल्ल्यावरच्या मुलाला सांगायला गेले. तो हसला. ते गाणं होतं सेक्स पिस्टल्सचं 'गॉड सेव्ह द क्वीन'. बीबीसीने बंदी घातली होती, काही दुकानं तर नावही छापत नव्हती. नंतर वर्गातल्या मैत्रिणीच्या मोठ्या भावाकडे ऐकलं. निम्मे शब्द कळले नाहीत. पण या आवाजाला कुणालाही खूश करायचं नाहीये, एवढं कळलं. मी तर सहा वर्षं सगळ्यांना खूश करत होते!

पण मला पंक खरं सापडलं ते पुढच्या वर्षी, 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या कार्यक्रमात एक्स-रे स्पेक्स बँडची गायिका पॉली स्टायरीन दिसली तेव्हा. वडील सोमाली, आई गोरी, दातांना तार, अंगावर भडक प्लास्टिकचे कपडे. टीव्हीवर अशी मुलगी मी पाहिलीच नव्हती. ३ जुलै १९७६ ला, एकोणिसाव्या वाढदिवशी, तिने हेस्टिंग्जच्या धक्क्यावर मोजक्या माणसांसमोर सेक्स पिस्टल्स ऐकले आणि मग जाहिरात देऊन स्वतःचा बँड जमवला.

माझं म्हणणं इतकंच की माल दुकानातला असेलही, पण तो कोण कशाला वापरेल हे दुकानदाराच्या हातात राहिलं नाही. पटत नसेल तर बोला.

खवचट_काका

नाही पटत.

मावशी, तुमच्या आठवणी सुंदर आहेत, पण तुमचे बंधू बरोबर आहेत. लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० नंबरचं दुकान, मालक माल्कम मॅक्लारेन (सेक्स पिस्टल्सचा मॅनेजरही तोच) आणि व्हिव्हियन वेस्टवुड, दुकानाचं नाव 'सेक्स'. बँडच्या नावात दुकानाचं नाव! आपल्याकडे गणेश मंडळाच्या कमानीवर सराफाचं नाव असतं तसंच. १९७७ च्या जानेवारीत ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने हाकललं, मार्चमध्ये ए अँड एम या दुसऱ्या कंपनीने बकिंगहॅम राजवाड्यासमोर सह्या करून घेतल्या आणि आठवड्याभरात हाकललं. पैसे दोन्हीकडचे खिशात. बंडाला मॅनेजर कशाला लागतो?

आणि गरीब पोरांचा आवाज म्हणाल, तर क्लॅश या दुसऱ्या पंक बँडचा गायक ज्यो स्ट्रमर परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, जन्म अंकाराचा, शिक्षण बोर्डिंगात. जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस या रेकॉर्ड कंपनीशी करार, आकडा एक लाख पौंड.

जाता जाता : १ डिसेंबर १९७६ ला टीव्हीवर शिव्या देऊन सेक्स पिस्टल्स एका रात्रीत देशभर गाजले. तो कार्यक्रम मुळात क्वीन या बँडचा होता, त्यांनी आयत्या वेळी नकार दिला. म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेतला फारुख बलसारा (क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी) त्या दिवशी गेला असता, तर हा धागाच निघाला नसता.

तीन_कॉर्ड

काका, पाचगणीसाठी +१, बाकी असहमत.

लंडन सोडून मँचेस्टरला या. तिथल्या बझकॉक्स बँडने घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिल्या हजार प्रती. वेष्टनावर कुठलं गाणं कितव्या खेपेला रेकॉर्ड झालं तेही छापलं होतं. म्हणजे स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून वाढणं. पुढे सोळा हजार खपल्या. यात मॅक्लारेन कुठे आहे?

मी अकरावीत गिटार शिकायला गेलो, तर सर सहा महिने सरगमच घोटवत होते. मग ते प्रसिद्ध चित्र पाहिलं : हा एक कॉर्ड, हा दुसरा, हा तिसरा, आता बँड काढा. (सगळे ते 'स्निफिन ग्लू' या पंक चाहत्यांच्या घरगुती चोपड्यातलं म्हणून डकवतात. चूक. ते 'साइडबर्न्स' नावाच्या दुसऱ्याच चोपड्यातलं, १९७७ च्या सुरुवातीचं.) 'स्निफिन ग्लू' काढणारा मार्क पेरी बँकेत कारकून होता. बँकेतला कारकून, काका! याहून मराठी काय हवं?

लोअर_परळ

सायक्लोस्टाइल करून स्वतःचं स्वतः वाटायचं, हे मुंबईच्या लघुअनियतकालिकवाल्यांनी साठच्या दशकातच केलं. दलित पँथर १९७२ ची. आपल्या मुलांना राग शिकायला लंडनला का जावं लागतं?

तीन_कॉर्ड

जावं लागत नाही. पण मावशी तिथेच राहत होत्या.

निळी_शाई

मला दुकानाबद्दल काही म्हणायचं नाही. मला दुसरंच खुपतं, आणि त्याबद्दल इथे कोणी बोलत नाही. सेक्स पिस्टल्सचा सिड व्हिशस नाझी स्वस्तिकाचा टी-शर्ट घालून फिरायचा, पंक गायिका सूझी सूने तसलीच पट्टी दंडावर बांधली होती. 'मोठ्यांना डिवचायला' म्हणे. त्याच वर्षांत नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाचे लोक रस्त्यावर होते. गोऱ्या पोरांची गंमत होते आणि मार सावळ्यांना बसतो. मावशी, चौदाव्या वर्षी तुम्हाला हे दिसलं नाही? की दिसूनही सोडून दिलंत?

लेस्टरची_मावशी

दिसलं. उत्तर द्यायला दोन दिवस लागले.

आमच्या दाराच्या चौकटीवर आईने कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. त्याच उन्हाळ्यात बाबांनी ते ओल्या फडक्याने पुसलं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ते देवघराच्या आतल्या बाजूला काढलं. आणि मी त्या पोराचा फोटो वर्तमानपत्रात पाहत होते. मला त्याची किळस आली आणि त्याच बँडची रेकॉर्ड माझ्या दप्तरात होती. दोन्ही खरं आहे, याची सारवासारव मी करणार नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमला गिटारवादक एरिक क्लॅप्टनने भर मंचावरून इनॉक पॉवेल या स्थलांतरितविरोधी राजकारण्याची तळी उचलली, त्या संतापातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही वंशद्वेषविरोधी चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला ट्रॅफल्गार चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत हजारोंचा मोर्चा गेला, तिथे क्लॅश, स्टील पल्स आणि माझी पॉली स्टायरीन गायली. मला घरून परवानगी मिळाली नाही. अजून चुटपुट आहे. पुढच्या वर्षी २१ एप्रिलला नॅशनल फ्रंटचा मोर्चा आमच्या लेस्टरमध्ये निघाला. बाबांनी भरदुपारी पडदे ओढले. दोन दिवसांनी साउथॉलमध्ये त्यांच्याविरुद्धच्या निदर्शनात ब्लेअर पीच नावाचा शिक्षक मारला गेला.

क्लॅप्टनच्या गिटारीत खोट काढता येत नाही हो. पण पडद्याआड बसलेल्या मला त्या गिटारीचा काय उपयोग?

निळी_शाई

पट्टी बांधणाऱ्यांना मी माफ करणार नाही. देवघराच्या आतल्या बाजूचं मात्र वाचून थांबले.

खवचट_काका

बझकॉक्सचा मुद्दा मान्य, त्यांना यादीतून वगळतो. बाकी माझं म्हणणं कायम. २६ नोव्हेंबर २०१६ ला, सेक्स पिस्टल्सच्या पहिल्या गाण्याला चाळीस वर्षं झाली त्या दिवशी, मॅक्लारेन-वेस्टवुड यांच्या मुलाने, ज्यो कोरेने, थेम्सवर बोटीत पंकच्या जुन्या वस्तू जाळल्या. त्याच्या म्हणण्याप्रमाणे किंमत पन्नास लाख पौंड. पंकचं संग्रहालय झालंय म्हणून निषेध! दुकानदाराच्या पोराला ते कळलं, आपल्या धाग्याला कळत नाही.

तीन_कॉर्ड

पन्नास लाख पौंड जाळायला आधी ते असावे लागतात, काका. हे बंड मी तरी धरत नाही.

लेस्टरची_मावशी

भाच्याला काल एक्स-रे स्पेक्सची पहिली रेकॉर्ड ऐकवली. म्हणाला, "मावशी, सॅक्सोफोन बेसूर आहे." म्हटलं, हो, वाजवणारी जवळपास तुझ्याच वयाची होती.

खवचट_काका

ते असू दे. टी-शर्ट केवढ्याला पडला ते सांगा.

लेस्टरची_मावशी

अठ्ठावीस पौंड. पहिल्याच धुण्यात आटला.